जुना पंखा

2024च्या मे महिन्यात नागपुरातल्या आमच्या घरचं बिल 430 युनिटांवर गेलं. दोष कूलरला दिला, पण तो बंद करायची हिंमत कुणाची? शेवटी गदा आली हॉलमधल्या पंख्यावर. त्याखाली सासूबाई बसतात, त्यामुळे तो दिवसाचे सोळा तास फिरतो.

जुना पंखा 75 वॉटचा, नवा, बीएलडीसी मोटरवाला, 30चा. 2023पासून पंख्यांवर वीजबचतीचे तारे छापणं सक्तीचं झालंय. याच्यावर पाच होते. किंमत 3,100 रुपये. रोज पाऊण युनिटही वाचत नव्हतं, म्हणून नवरा हसला. पण वाचणारं युनिट दराच्या वरच्या टप्प्यातून गळतं. तीनशेच्या वर वहन आकार धरून मला युनिट साधारण पंधरा रुपयांना पडत होतं. म्हणजे महिन्याला सव्वातीनशे रुपये; पंखा दहा महिन्यांत फुकट. (रिमोट दोनदा हरवला, तो हिशोब वेगळा.)

काढलेला पंखा कामाला येणाऱ्या बाईंना दिला. त्यांचा नुकताच जळला होता. दिल्यावर जरा बरंही वाटलं.

मग एका दुपारी त्यांच्या बाजूनं आकडे मांडले. एक खोली, महिन्याला नव्वदेक युनिटं. स्वतःचं मीटर असतं तर पहिल्या टप्प्यातलं युनिट सहाच्या आसपास पडलं असतं. तोच नवा पंखा वसूल व्हायला दोन वर्षं. पण मीटर घरमालकाचं. त्यानं सबमीटर बसवलंय आणि तो सरसकट बारा रुपये युनिट घेतो. टप्प्याचा फायदा त्याच्या खिशात. म्हणजे मी दिलेल्या पंख्यामुळे बाई नव्या पंख्यापेक्षा महिन्याला अडीचशेहून जास्त भरणार होत्या. पहिल्या वर्षातच पंख्याची किंमत निघाली असती, पण एकदम तीन हजार काढणार कुठून?

राहवेना, म्हणून त्यांना हे सांगितलं. लादी पुसता पुसता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग ताई, नवा मले द्या अन् जुना तुमीच लावा.”

थट्टा होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. नवा पंखा आमच्याच हॉलमध्ये फिरतोय. त्यांच्या खोलीतल्याचा मागच्या आठवड्यात कंडेन्सर गेला. सत्तर रुपयांत बदलून आणला म्हणाल्या.