आईच्या चेहऱ्यावरचे वण

माझ्या आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी गावाकडे तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकदमच देवी आल्या. भाऊ गेला, आई वाचली. पुढे मुंबईत आमच्या चाळीत कुणाला देवी आल्या की आईलाच बोलावणं यायचं. बाकीच्या बाया उंबऱ्याबाहेर थांबत. आई आत जाऊन रोग्याचं अंग पुसायची, पेज पाजायची. लोक म्हणत, "हिच्यावर देवीची कृपा आहे." आई म्हणायची, "कृपा कसली? माझं एकदा भोगून झालंय."

आईला शाळा ठाऊक नव्हती, पण तिचं म्हणणं खरं होतं. हे मला कळलं ते २०२२ साली, मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा.

माझा नातू तेव्हा दोन वर्षांचा होता. नवव्या महिन्यात त्याला गोवराची पहिली लस दिली होती. आठव्या दिवशी तो तापानं फणफणला. सूनबाई घाबरली. "आई, सुईनंच ताप आला, आता दुसरी नको," म्हणाली. मीही मान डोलावली. चूक माझीही आहे.

साथीत नर्सबाई दारी आल्या. कार्डावरची रिकामी जागा पाहून रागावल्या नाहीत, खाली बसल्या आणि समजावून सांगू लागल्या.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना? तिथल्या गाठींत पांढऱ्या पेशींचा तळ असतो. रक्तातल्या, कातडीतल्या पहारेकरी पेशी जंतूला गिळतात आणि त्याचा तुकडा या गाठींत आणून दाखवतात. तिथल्या प्रत्येक पेशीच्या अंगावरची खाच निराळी. कुलपात किल्ली बसावी तसा ज्या पेशीच्या खाचेत तो तुकडा बसतो, तीच पेशी जागी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी तिची पलटण उभी राहते. काही पेशी प्रतिपिंडं तयार करतात आणि ती जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. पहिल्या वेळी या तयारीला आठवडा-दीड आठवडा लागतो. लढाई संपल्यावर थोड्या पेशी ओळख धरून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या लगेच उठतात.

"लशीत गोवराचाच विषाणू असतो, पण अशक्त केलेला," नर्सबाई म्हणाल्या. "आठव्या दिवशीचा ताप म्हणजे बाळाचं शरीर त्याला ओळखायला शिकत होतं."

मग दुसरा डोस कशाला? कारण नवव्या महिन्यात शंभरातल्या साधारण पंधरा बाळांच्या शरीराला ही ओळख पटतच नाही. आणि खरा गोवर झाला, तर तो आधीच्या रोगांची ओळख ठेवणाऱ्या पेशीच मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, गोवरानंतर मुलांची आधीची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाल्याचं दिसलं. म्हणजे गोवर गेला तरी मूल पुढे बराच काळ दुसऱ्या आजारांना उघडं पडतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि मी नातवाला घेऊन दवाखान्यात गेलो. तो रडला. रात्री त्याला थोपटताना मला आई आठवली. तिच्या शरीरानं देवीला ओळखायला शिकण्यासाठी भाऊ गमावला होता, चेहरा गमावला होता. माझ्या नातवाला तेवढंच शिकायला दोन सुया आणि एका रात्रीचा ताप पुरला.

बायांनो, घरातलं लसीचं कार्ड आजच काढून पाहा. एखादी जागा रिकामी असेल तर लाजू नका. मीही लाजले होते, पण गेले.