शिकारीचा बेत

शिकार रानात होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्या भंडाऱ्यास १९६० च्या सुमारास तिचे चौदा आणे घरच्या ओसरीवर होत. रानाच्या वाट्याला उरत ते दोनच.

उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली की वडील आणि त्यांचे दोन वकीलमित्र नागझिऱ्याच्या डोंगरांचा नकाशा पसरून बसत. तो सारा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. जंगलखात्याचा परवाना, काडतुसे, साकोलीपर्यंतची गाडी, हाकाऱ्याची माणसे, एकेका बाबीवर कोर्टातही होत नसतील असे युक्तिवाद चालत. आईने चिवड्याचे ताट पुढे सरकवले म्हणजे तेवढ्यापुरता खटला तहकूब होई.

निकाल देणारा मात्र पायरीवर बसलेला असे. एक म्हातारा गोंड वाटाड्या. त्याला नकाशा वाचता येत नव्हता आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नव्हते. वैशाखात कोणत्या नाल्यात पाणी टिकते, दुपारी वाघ कोणत्या सावलीला पडतो, उठला की कोणत्या खिंडीने निघतो, हे त्याला मुखोद्गत. “वाघ पळत नाही, साहेब. आडोश्याआडोश्यानं चालत येते,” तो सांगे. मग मचाण कुठे बांधायचे आणि वाघाने वाट सोडू नये म्हणून खोडावर हलकेच टिचक्या मारणारी माणसे कोणत्या झाडांवर चढवायची, ते तोच ठरवी. पुढे भिंतीवर लागलेल्या फोटोंत बंदुका होत्या, हॅट होत्या. तो कुठेच नव्हता.

१९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, १९७२ च्या कायद्याने शिकार संपली आणि बंदुका खुंटीवर गेल्या. २०१३ साली तर नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाचवायचा झाला तरी पाणी, वाट आणि सावली हीच ओळखावी लागतात. शिकाऱ्याची विद्या टाकाऊ झाली, वाटाड्याची अधिकच कामाची ठरली.

आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांवर माणसे बसतात ती जनावरे मोजायला. यंदा नातवाने तिथे जागा मिळवली आणि बरोबर काय न्यावे म्हणून विचारले.

“सतरंजी, पाणी आणि त्या गावचा एखादा जाणता माणूस,” मी म्हणालो. “सतरंजी विसरलास तरी चालेल.”