दोन काड्या

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एका जुन्या जर्मन पोस्टरची प्रत लावलेली आहे. गडद तपकिरी जमीन, तिच्यावर पिवळ्या गुलांच्या दोन लाल काड्या आणि जाडजूड अक्षरांत एकच शब्द : प्रीस्टर. बाकी काही नाही. स्वयंपाकाच्या मावशी पहिल्या दिवशी आल्या आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, “काडेपेटीची जाहिरात कशाला लावलीय घरात?” मावशींना रोमन लिपी येत नाही. शंभरावर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये काढलेलं चित्र त्यांना उंबऱ्यातूनच कळलं.

ते काढणारा ल्यूसियन बर्नहार्ड तेव्हा ऐन विशीत होता. हा मुळात रंगवेडा. वडील घरी नसताना त्याने घरातलं सगळं सामानसुमान भडक रंगांनी रंगवून काढलं आणि त्या पराक्रमापायी घर सुटलं, असं सांगतात. १९०५-०६च्या सुमारास प्रीस्टर काडेपेटीच्या पोस्टरची स्पर्धा लागली. पठ्ठ्याने आधी टेबल काढलं, त्यावर चौकड्यांचं कापड, रक्षापात्र, पेटती सिगार आणि तिच्या धुरातून उमटणाऱ्या नर्तिका. शेजारी काड्या. चित्र पाहून मित्राने तारीफ केली : सिगारची जाहिरात फक्कड झालीय!

मग एकेक वस्तू गेली. सिगार, रक्षापात्र, कापड, शेवटी टेबलसुद्धा. दोन काड्या उरल्या आणि नाव. परीक्षकांनी ते चित्र बाद करून टाकलं. टाकलेल्यातून ते उचललं एर्न्स्ट ग्रोवाल्ड यांनी. होलरबाउम उंड श्मिट या छापखान्याचं काम पाहणारा हा माणूस. पहिलं बक्षीस त्याच चित्राला मिळालं. गोष्ट इतकी घोटीव आहे की सांगता सांगता तिला थोडी झिलई चढली असणार. चढू दे.

त्याआधीची पॅरिसची पोस्टरं म्हणजे वेलबुट्टी, मोकळे केस, फुलांच्या महिरपी. समोर उभं राहून बघायची चीज. बर्नहार्डने धरला तो चालता माणूस, जो थांबणार नाही. पुढे १९०८मध्ये श्टिलरच्या बुटांसाठी त्याने तेच केलं : एक बूट, एक नाव. जर्मनांनी या तऱ्हेला ‘झाखप्लाकाट’ म्हटलं, म्हणजे वस्तूचं पोस्टर. पण खरी गंमत अक्षरांत आहे. काड्या काढल्या त्याच हाताने ती काढलेली आहेत. तितकीच सपाट, तितकीच वजनदार. नाव चित्राखाली चिकटवलेलं वाटत नाही, तेही एक वस्तू होऊन बसतं.

हाताच्या त्या अक्षरांनंतर वीसेक वर्षांत पट्टी-कंपासवाले आले. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत हर्बर्ट बायरने १९२५मध्ये मोठी अक्षरं बादच केली : एका आवाजाला दोन चिन्हं कशाला? हे वाचून मला हसू आलं. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अशी दोन अक्षरं होतीच कधी? यान चिकोल्डने तर १९२८च्या ‘नव्या टायपोग्राफी’त नियमच घालून दिले. मथळा मधोमध नको, अक्षरांना शेपट्या-टोप्या नकोत, मोकळी जागा हीही मजकुराइतकीच कामाची. १९३३मध्ये नाझींनी त्याला पकडलं. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे काही वर्षांनी त्याला आपल्याच नियमांतल्या हटवादात त्याच हुकूमशाहीचा वास येऊ लागला, आणि पुस्तकं तो पुन्हा जुन्या, शेपटीवाल्या टायपात, मधोमध जुळवू लागला. मला हा दुसरा चिकोल्ड जास्त आवडतो.

कारण खरं सांगायचं तर मला त्या नर्तिकांची चुटपुट लागते. लेखातला नटवा परिच्छेद संपादक कापतात, लेख सुधारतो, आणि मी मात्र कापलेला कागद खणात जपून ठेवतो. धुरातून उमटणाऱ्या त्या बायका कशा असतील? बर्नहार्डनेही कुठे ठेवल्या असतील का?

मावशींना एकदा ही सगळी कथा सांगितली. बाहेर जुलैचा पाऊस लागला होता, लायटर बिघडलेला, काडेपेटी सादळलेली. त्यांनी पोस्टरकडे एक नजर टाकली. “सगळं काढलं, मग काड्या दोन कशाला?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ओट्याकडे वळून, न पेटलेली काडी मोरीत टाकत म्हणाल्या, “बरोबर आहे. पहिली पेटते कुठे!”