ट्यूबलाइटमागची भाडेकरू

सी. पी. टँकजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक पाल राहते. घरातील नऊ वर्षांची नात तिला आपली मानते. बांच्या मते ती भाडे न देणारी भाडेकरू आहे. पागडीच्या जागेत तसे भाडे कितीसे असते, हा आजोबांचा शेरा.

जूनमध्ये मुंबईत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. त्याआधीच चौविहाराची ताटे उचललेली असतात. माणसांचे जेवण संपते तेव्हा पालीचे सुरू होते, आणि नात स्टूल ओढून समोर बसते.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. पतंग भिंतीवर बसला की पाल त्याच्या दिशेने चार पावले येते आणि थबकते. पतंग निश्चल, तर तीही निश्चल. त्याने पंख जरा हलवला की तिची मान वळते, कारण तिला भक्ष्य कळते ते हालचालीवरून. मेलेला किडा समोर पडला तरी ती बहुधा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. अंतर वीतभर उरले की शेपटीचे टोक नागमोडी हलू लागते. बाकीचे शरीर जणू भिंतीचाच भाग. मग एक झेप, आणि पंखांची फडफड जबड्यात थांबते. दोन-तीन आवंढ्यांत सारे आटोपल्यावर ती जिभेने स्वतःचे डोळे पुसते, कारण तिला उघडझाप करणाऱ्या पापण्या नाहीत. छतावर उलटी चालताना ती पडत नाही, तेही गोंदामुळे नव्हे. बोटांखालच्या पट्ट्यांवर नजरेला न दिसणारे असंख्य केस असतात, त्यांची ती पकड.

बा हे पाहत नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका पालीला केरसुणीने हुसकावले होते. पाल निसटली, शेपटी मात्र फरशीवर कितीतरी वेळ वळवळत राहिली. बांनी दुसऱ्या दिवशी आयंबिल केले. महिन्या-दोन महिन्यांनी शेपटी पुन्हा आली, किंचित आखूड आणि निराळ्या रंगाची. पण त्या दिवसापासून घरात पालीवर केरसुणी उगारली गेली नाही.

पाठशाळेत इंद्रियांचा धडा झाला आणि नातीची पंचाईत झाली. पतंग चतुरिंद्रिय, पाल पंचेंद्रिय. मग वाचवायचे कोणाला? आजोबांची सारी हयात दाणाबंदरात धान्याच्या व्यापारात गेलेली. त्यांनी थेट उत्तर न देता भुलेश्वरच्या पांजरापोळाची गोष्ट काढली. तो १८३४ सालचा, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गुजरातेतील काही पांजरापोळांत तर धान्यातील किड्यांसाठी जीवातखाना असे. निवडलेले किडे तेथे सोडत, थोडे धान्यही ठेवत. नातीने विचारले, ‘‘आणि तिथे पाल शिरली तर?’’ आजोबांनी चष्मा पुसायला घेतला.

पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे गॅलरीत आले. दिव्याभोवती गर्दी, खाली पंखांचा सडा. पाल तर गोंधळूनच गेली होती. एक गिळते न गिळते तो दुसरीकडे मान वळे. बा लगबगीने बटणाकडे निघाल्या. दिवा विझवला की जीव पांगतात, ही त्यांची दर पावसाळ्याची जयणा.

‘‘बा, थांबा ना. मग हिने आज काय खायचं?’’

बांचा हात बटणावरच राहिला. वाळवी पायांशी पडत होती. ‘‘तिला भरवायला मी दिवा लावला नव्हता,’’ त्या हळूच म्हणाल्या, आणि बटण दाबले. नात रुसून आत गेली.

सामायिक झाल्यावर बा पाणी न घेताच पुन्हा गॅलरीत आल्या. रस्त्यावरच्या पालिकेच्या दिव्याचा पिवळा पट्टा कठड्यालगतच्या भिंतीवर पडला होता. त्या पट्ट्याच्या काठावर, अंधाराच्या बाजूला पाल बसली होती. शेपटीचे टोक हलत होते. बांनी क्षणभर पाहिले, मग दार आवाज न करता लोटून घेतले.