पाहून आलेल्यांसाठी

कोल्हापुरातला सणासुदीचा हंगाम घटस्थापनेला सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर, हजारो पणत्यांच्या उजेडात संपतो. शाळेच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक वेगळं असेल, स्थानिक केबल वाहिनीत काम करणाऱ्याचं पंचांग मात्र हेच. अंबाबाईच्या रोजच्या वेगवेगळ्या पूजा, ललितापंचमीची त्र्यंबोली यात्रा, अष्टमीची नगरप्रदक्षिणा, दसरा चौकातलं सोनं, दिवाळी पहाटेच्या मैफली, पोरांचे किल्ले, पाडव्याच्या म्हशी, नोव्हेंबरातला किरणोत्सव, मैदानावरचे पाळणे, नाट्यगृहातली बालनाट्यं. हा सगळा मुलूख मी कॅमेरा खांद्यावर घेऊन पालथा घातला आहे. पूर्वी व्हीएचएसचा जड कॅमेरा असायचा आणि कॅसेट घेऊन स्कूटरवरून कंट्रोल रूम गाठावी लागायची. आता पाठीवरच्या पिशवीतल्या सिमकार्डांवरून चित्र थेट घरोघरी जातं. यंत्रं बदलत गेली, प्रेक्षक तोच राहिला. या कामात शिकायचं असतं ते त्या प्रेक्षकाला ओळखायला.

आमचा प्रेक्षक प्रसंगाच्या जागी स्वतः हजर असतो. पाडव्याला सागरमाळावर म्हशी पाहून आलेला माणूस रात्री जेवायला बसल्यावर त्याच म्हशी आमच्या वाहिनीवर पुन्हा बघतो. घरातल्यांना सांगतो, "मी ह्या इथं उभा होतो, त्या पोराच्या मागं." चित्रात तो दिसला तर आनंदच, पण दिसला नाही तरी शेवटपर्यंत बघतो. त्याला बातमी नको असते, ती त्याच्या डोळ्यांदेखत घडून गेलेली असते. आपण पाहिलं ते तसंच होतं ना, आणि टाचा उंचावूनही जे दिसलं नाही ते काय होतं, एवढंच त्याला हवं असतं.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मोठ्या वाहिन्यांची गरज वेगळी. त्यांना दीड मिनिटात परगावच्या माणसाला कोल्हापूर दाखवायचं असतं. रंकाळा, तांबडा-पांढरा, चप्पल, तालीम, आणि वर ढोलांचं संगीत. ते काम त्या नीट करतात आणि त्यामुळे सुट्टीत गावात माणसं येतात, हेही खरं. पण तीच रीत आमची तरुण पोरं उचलतात तेव्हा मला काळजी वाटते. ज्याच्या पायाखालची वाट आहे त्याला "आज आपण आलो आहोत एका आगळ्यावेगळ्या ठिकाणी" असं सांगून काय मिळवायचं? बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. त्या गावात कॅमेरा धरणाऱ्यानं आपल्या माणसांकडे पाहुण्याच्या नजरेनं बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्र्यंबोलीचंच घ्या. अंबाबाईची पालखी टेकडीवर येते, कुमारिकेच्या हातून कोहळ्याचा छेद होतो आणि लगेच तुकड्यांसाठी झुंबड उडते. टेकडीवर एवढा जनसमुदाय, पण कोहळा फुटताना प्रत्यक्ष बघितलेली माणसं फक्त पहिल्या कड्यातली. बाकीच्यांना गलका ऐकू येतो आणि पुढची गर्दी हललेली दिसते. सगळ्या यात्रेचं मुख्य दृश्य पापणी लवेपर्यंत संपतं. म्हणून तिथला एक कॅमेरा गर्दी जमायच्या आधीच रोवून ठेवावा लागतो आणि त्यावरच्या माणसानं तिथून हलायचं नाही. मुलीचा हात, त्रिशूळ आणि कोहळा एवढी चौकट बांधायची आणि झूमला बोट लावायचं नाही. जवळ जाण्याचा मोह त्याच क्षणी होतो आणि चित्र हातचं जातं. दाखवताना आधी मूळ वेगात, मग एकदाच सावकाश. सुरुवातीलाच स्लो मोशन लावलं तर प्रसंग किती झटक्यात घडला हेच कळत नाही, आणि तो झटकाच तर त्या जागेचा प्राण आहे.

पाडव्याच्या म्हशींवर मी जरा जास्त बोलणार, कारण आमच्या कामाची खरी परीक्षा तिथं आहे. शनिवार पेठेतल्या गवळी गल्लीत, कसबा बावड्यात, सागरमाळावर गवळी आपापल्या म्हशी सजवून आणतात. अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी, रंगवलेली शिंगं, मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरू. मालक मोटारसायकलवर पुढे निघतो आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागून धावते. एखादी तर मालकानं हाक दिली की मागच्या दोन पायांवर उभी राहते. वर्षभर पहाटे धार काढणारा हात आणि ते जनावर यांच्यात जो विश्वास असतो, तो त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर येतो.

हे टिपताना पहिली अडचण उजेडाची. चित्राची अर्धी चौकट काळ्या म्हशीनं भरली की स्वयंचलित कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, आणि तो उजेड वाढवतो. म्हैस राखाडी होते, शिंगांचा रंग उडतो, मागचं आकाश पांढरं फटक पडतं. ज्या कातडीवर मालकानं एवढी मेहनत घेतली, ती दूरचित्रवाणीवर धुळीसारखी दिसली तर त्याला काय वाटेल? म्हणून एक्स्पोजर हातानं लावायचं, काळ्याला काळंच राहू द्यायचं. दुसरी अडचण आवाजाची. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज कान फोडतो, म्हणून संकलनाला बसलेला मुलगा तो पुसून वर गाणं टाकतो. मी ते कधी जाऊ देत नाही. गाडीचा आवाज खाली घ्यावा, पण मालकाची हाक राहिलीच पाहिजे. प्रत्येकाची हाक वेगळी असते आणि म्हैस फक्त आपलीच हाक ओळखते. ती हाक पुसली की उरतं फक्त धावणारं जनावर. यासाठी मालकाच्या छातीला कॉलर माइक आधीच लावून ठेवतो. त्याची परवानगी घ्यायला आदल्या संध्याकाळी गोठ्यावर जावं लागतं, चहा होतो, म्हशीची वंशावळ ऐकावी लागते. त्यातलं काहीच प्रसारित होत नाही. पण दुसऱ्या दिवशी कॅमेरा कुठं धरायचा ते त्या गप्पांतून कळतं.

पोरांच्या किल्ल्यांच्या बाबतीत मी नव्या वार्ताहरांना एकच गोष्ट सांगतो. "कसं वाटतंय?" विचारू नका. त्याला "छान वाटतंय" याखेरीज उत्तर नाही. गुडघ्यावर बसा, बूम किल्ल्याच्या तटापाशी न्या आणि विचारा, "ही वाट कुठं जाते?" मग मुलगा बोलायला लागतो. ही पन्हाळ्याची राजदिंडी, इकडून महाराज बाहेर पडले, ही वाट विशाळगडाकडे, मध्ये ही खिंड. हळीव पेरलेलं कुठलं आणि बहिणीनं पाणी जास्त घालून ढासळवलेला बुरूज कुठला, हेही सांगतो. असा बाइट कापायचा नाही. दोन मिनिटं चालला तर चालू द्यायचा. गल्लीतली सगळी माणसं त्या पोराला ओळखतात, आणि पुढच्या वर्षी त्याला किल्ला करावासा वाटतो.

दसऱ्याचं सांगण्यासारखं थोडंच. दसरा चौकातली पालख्यांची येण्याची वेळ, राजघराण्याची मेबॅक मोटार, सूर्यास्ताच्या सुमाराचं शमीपूजन, हा क्रम ठरलेला असतो आणि तो सांभाळला की काम होतं. फक्त बंदुकीच्या फैरी झडण्याआधी आवाजाची पातळी खाली आणायला हवी. फैरी फाटून ऐकू आल्या तर पुढचा सोनं लुटण्याचा सगळा गलबलाही फाटतो.

किरणोत्सवाला मात्र क्रम आपल्या हातात नसतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी त्याहून वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असा संकेत. पण क्षितिजावर ढग आला, हवेत धूळ किंवा दमटपणा असला, वाटेत इमारतीचा कोपरा आडवा आला की किरणं मध्येच विरतात. आतले दिवे मालवलेले असतात. देवस्थाननं दिलेल्या जागेवर उभं राहून आम्ही कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि पांढऱ्या रंगाचा तोल दोन्ही आधीच कुलूपबंद करतो. तोल यंत्रावर सोडला तर ते सोनेरी उजेड 'दुरुस्त' करून पांढरा करून टाकतं, आणि ज्यासाठी लोक श्वास रोखून बसलेत तो रंगच नाहीसा होतो.

त्या वेळी निवेदकानं कमीत कमी बोलावं, हा माझा हट्ट. किरण कुठल्या पायरीवर आलं एवढं सांगावं आणि गप्प बसावं. आणि किरणं चरणांशी येऊन लुप्त झाली तर तसंच सांगावं. मागच्या वर्षीचं मुखापर्यंत पोहोचलेलं चित्र संग्रहात तयार असतं, ते जोडून प्रेक्षकाला सुखावणं फार सोपं आहे. कोणी तसं सुचवलं तर माझं उत्तर नाहीच असतं. अपुरा राहिलेला किरणोत्सव हाही किरणोत्सवच आहे. गावातले जाणकार दरवर्षी ढग, धूळ आणि आड येणाऱ्या बांधकामांची चर्चा करतात, ती आमच्या त्या दिवसाच्या खऱ्या चित्रावर टेकून होते. आम्हीच चित्र बदललं तर त्या चर्चेला जमीन उरणार नाही.

पाहून आलेल्यांबरोबर एक दुसरा प्रेक्षकही असतो, घराबाहेर पडू न शकणारा. २०२० च्या नवरात्रात तर सगळं गावच तसं झालं. मंदिरं भाविकांसाठी बंद होती, आणि दर्शन म्हणजे फक्त पडद्यावरचं. तेव्हा एका आजींचा फोन आला होता. आम्ही पूजेचं दृश्य काही सेकंद दाखवून पुढं जात होतो. त्या म्हणाल्या, "माझं ओवाळून होईस्तोवर तरी देवी दाखवत जावा की." त्या दिवसापासून दर्शनाच्या दृश्याची लांबी आम्ही घड्याळावर ठरवत नाही. निरांजन लावून, ओवाळून, नमस्कार करून डोळे उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढं चित्र स्थिर राहतं. पुढच्या वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, मंदिरं उघडली. रांगा पुन्हा लागल्या, पण ती लांबी आम्ही कायम ठेवली. दवाखान्यात पडून असलेल्या, दुकान सोडता न येणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नवरात्र संपलं तरी दार उघडलेलं नसतं.

मैदानावरचे पाळणे, खरेदी-महोत्सव, खाऊगल्ल्या यांचं चित्रण बहुतेक जाहिरातीच्या पैशांवर होतं. दिवाळीतल्या जाहिरातींवर वाहिनीचं बरंचसं वर्ष निघतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पैसे घेऊन केलेला कार्यक्रम असेल तर तसं पडद्यावर लिहावं आणि त्यातही प्रेक्षकाच्या उपयोगाचं सांगावं. तिकीट किती, गाडी कुठं लावायची, शेवटची केएमटी बस कधी, म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा आहे का. पोरांना घेऊन निघालेल्या बापाला याचीच गरज असते.

अलीकडे मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो आमचा साठा. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचावर गावातल्या कित्येक पिढ्यांनी पहिलं नाटक पाहिलं, तो डोळ्यांसमोर राख झाला. त्या रात्रीची दृश्यं मी टिपली, पण ती पुन्हा बघायला अजून मन धजत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत लोक आमच्याकडे येऊ लागले. नाट्यगृहाचं जुनं काही आहे का? कुणाला आपल्या मुलीचं सुट्टीतल्या बालनाट्यातलं काम हवं होतं, कुणाला आपल्या वडिलांनी रंगवलेला पडदा. तेव्हा आम्ही कपाटं उघडून बसलो. बातम्यांसाठी काढलेली रंगमंचाची दृश्यं बरीच निघाली: सत्कार, दीपप्रज्वलन, शाली, पुष्पगुच्छ. प्रेक्षागृहाची फार थोडी. पण मध्यंतरात चहासाठी उठलेली माणसं, गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकवलेली पोरं, पडदा वर जाताना रंगमंचाच्या फळ्यांवर पडलेला उजेड, हे कटअवे म्हणून घेतलेले तुकडे, बातमीत कधी न वापरलेले, तेच आज लोक मागतात. म्हणून आता प्रत्येक चित्रणाच्या नावात तारखेबरोबर जागा, बाजू आणि दिसणाऱ्या माणसांची गल्ली लिहायची सक्ती केली आहे. न वापरलेलं फुटेज पुसायचं असेल तर मला विचारल्याशिवाय नाही.

नाट्यगृह पुन्हा उभं राहतं आहे. पडदा वर जाईल त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत जे बालनाट्य लागेल, त्याला दोन कॅमेरे लावायचे ठरलेत. रंगमंचाकडचा नव्या मुलांपैकी कुणीतरी धरेल. दुसरा प्रेक्षागृहाकडे तोंड करून असेल, आणि तो मीच धरणार आहे.