दोन इंचांचा ढाळ

आमचे घर वस्तीतले, दोन खोल्यांचे. मोरी पहिल्यापासून पुढच्या दाराजवळ. आई आता पंचाहत्तरीची, गुडघे धरलेले, आणि तिची खाट मागच्या खोलीत. रात्री उठली की झोपलेली पोरे ओलांडत तिला पुढे यावे लागे. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मोरी मागच्या कोपऱ्यात न्यायची ठरली.

बाहेरचे चेंबर जुन्या मोरीपासून चार फुटांवर होते. नव्या मोरीपासून ते बारा फूट झाले. पाईप टाकताना वस्तीतलेच गवंडीकाका म्हणाले, "दादा, ढाळ बसत नाही. मोरी दोन इंच उचलावी लागंल."

मी म्हणालो, "आईसाठीच तर करतोय. तिला पायरी नको."

ते पुन्हा काही सांगू लागले, तेव्हा माझा आवाज चढला. "मी सांगतो तसं करा." काका गप्प बसले. पाईप बुजला, वर फरशी बसली.

पंधरा दिवसांत पाणी तुंबू लागले. तार घातली, काडी घातली, उपयोग नाही. फरशीवर साबणाचा चिकटा राही. एके दिवशी शेजारच्या वहिनींनी बोलावून त्यांची भिंत दाखवली. खाली हातभर ओल आली होती. तुंबलेले पाणी सांध्यातून झिरपत होते. वहिनी भांडल्या नाहीत. "भाऊजी, भिंत तुमची-आमची एकच आहे," एवढेच म्हणाल्या. त्याच आठवड्यात आई त्या बुळबुळीत फरशीवर घसरली. हाड मोडले नाही, पण आठ दिवस ती खाटेवरून उठली नाही. जिच्यासाठी मोरी हलवली, तीच पडली.

मी काकांच्या घरी गेलो, चूक कबूल केली. ते पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आले. एक टोक मोरीत, दुसरे चेंबरपाशी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते. तिथून खाली पाईपपर्यंत दोन्हीकडे मोजायचे. या पाईपला फुटाला पाव इंच ढाळ लागतो. चार फुटांना एक इंच पुरत होता. बारा फुटांना तीन हवेत, आणि आमच्याकडे एकच होता. पुढचे गटार ठरलेल्या पातळीवर, त्यामुळे चेंबर खाली नेता येत नव्हते. उरलेले दोन इंच मोरी उचलूनच मिळणार होते. मी बी.कॉम., कचेरीत दिवसभर आकडे जुळवतो. हिशेब अवघड नव्हता. मी तो विचारलाच नव्हता.

फरशी फोडली. या वेळी पाईपखाली सगळीकडे पक्का आधार दिला, म्हणजे मध्ये झोळ पडत नाही. काटकोनी वळणाच्या जागी दोन अर्धी वळणे घेतली. साफसफाईसाठी झाकणाचा बेंड बसवला. बुजवण्याआधी धाकटीला चेंबरपाशी बसवून बादलीभर पाणी ओतले. "आलं, आलं!" ती ओरडली. सगळे सांधे हाताने चाचपले, कोरडे होते. मगच माती लोटली. फरशीलाही जाळीकडे ढाळ दिला.

राहिला आईच्या पायरीचा प्रश्न. काकांनी मोरीच्या दाराबाहेर दोन फूट लांबीचा सिमेंटचा उतार केला आणि भिंतीत धरायला लोखंडी दांडा बसवला. आई आता रात्री एकटी जाते. काका म्हणाले, "दादा, हेच मी तेव्हा सांगणार होतो."

खर्च दुप्पट झाला. वहिनींच्या भिंतीचे प्लास्टर आम्ही करून दिले, ते वेगळे.

ज्यांच्या घरी असे काम निघाले असेल त्यांनी पाईप बुजवण्याआधी एक बादली ओतून पाहावी. आणि कारागीर बोलत असेल तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे. वस्तीच्या गटारासाठी मी कित्येक अर्ज लिहिले. 'इथल्या माणसांचे म्हणणे ऐकून घ्या,' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. ते मी माझ्याच घरात पाळले नव्हते.