आईचे आभाळ

वसईच्या वाडीत वाढलेल्या माझ्या पिढीला आभाळ कुणी मुद्दाम शिकवले नाही. ते अंगणातच होते. पावसाळा सरला की रात्री अंगणात बाज टाकली जाई आणि डोळा लागेपर्यंत दृष्टीपुढे चांदण्यांखेरीज दुसरे काही नसे. मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, भाजीची पाटी पहाटेच्या गाडीला पोचवायची, तर घरात घड्याळ असूनही आई आधी बाहेर येऊन वर पाही, मग चूल पेटवी. नक्षत्रांची पुस्तकी नावे तिला ठाऊक नव्हती. त्यांच्या वेळा मात्र पाठ होत्या.

आज त्या वाडीच्या जागी इमारत उभी आहे. तिच्या आवाराला रात्रभर दिवे, पलीकडे रस्त्याचे दिवे, त्याहून पलीकडे जाहिरातींचे फलक. हा सारा उजेड हवेतील धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो व आभाळावर करडी चादर पसरतो. तिच्यातून पाचपन्नास तारे कसेबसे डोकावतात. ही व्यथा आपलीच आहे असे नव्हे. व्हॅटिकनची वेधशाळा रोममध्ये होती. नगराचे दिवे वाढले म्हणून 1930च्या दशकात ती कास्तेल गांदोल्फो येथे हलवावी लागली. पुढे तेथेही उजेडाने गाठल्यावर नवी दुर्बीण थेट अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात माउंट ग्रॅहॅम पर्वतावर उभारण्यात आली. 1993 साली ती सुरू झाली. पोपमहोदयांच्या वेधशाळेलाही जिथे अंधार शोधत समुद्रापार जावे लागले, तिथे आपली काय कथा!

तरीही हरवत चाललेले हे आभाळ लोकांना परत मिळवून देणारी माणसे आहेत. जॉन डॉब्सन (1915-2014) हे त्यांतले एक विलक्षण नाव. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात संन्यासी असताना त्यांनी टाकाऊ काचा घासून आणि पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून दुर्बिणी बनवल्या. मठ सुटल्यावर ते शहराच्या पदपथावर दुर्बीण मांडून उभे राहू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चंद्र, शनी दाखवू लागले. 1968 साली त्यातून पदपथावरील खगोलप्रेमींची एक संघटनाच उभी राहिली. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 सालापासून हे कार्य करीत आहे. मुंबईत हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने 1985च्या सुमारास खगोल मंडळ जन्माला आले. कर्जतच्या लोहमार्गावरील वांगणी हे गाव रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी मुंबईकरांना परिचित झाले, ते अशा मंडळींमुळेच.

गेल्या काही वर्षांत आईने सूर्यास्तानंतर उंबरठा ओलांडणे सोडूनच दिले होते. बाबा गेले, वाडी गेली. मग बाहेर पाहण्यासारखे उरले तरी काय, असे ती म्हणे. 2024च्या पावसाळ्यात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दृष्टी परतली, पण त्या दृष्टीने काय पाहावे, याची ओढ काही परतली नाही. म्हणून 2025च्या जानेवारीअखेरीस, अमावास्येच्या अलीकडच्या शनिवारी, माझा मुलगा वांगणीजवळच्या एका शेतावर आकाशदर्शनाला निघाला, तेव्हा आम्ही आजीलाही सोबत घेतले. "मी म्हातारी तिथं काय करू?" असे ती म्हणाली खरी, पण शाल मात्र तिने स्वतःच काढली.

शेतात चटया अंथरल्या होत्या. पांढरा उजेड पडला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीसपंचवीस मिनिटे घेतात, म्हणून विजेऱ्यांच्या तोंडाला लाल कागद बांधले होते. पश्चिमेला शुक्र झळकत होता, रोहिणीजवळ गुरू होता, पुनर्वसूपाशी तांबूस मंगळ. लहान मुलांसाठी दुर्बिणीजवळ स्टूल ठेवले होते. रांगेत आमच्यापुढे एक बाप आपल्या लेकीला कडेवर घेऊन उभा होता. तिने डोळा लावला आणि "खरंच आहे!" असे ओरडली. सारी रांग हसली.

त्या वर्षी शनीची कडी आपल्याकडे जवळजवळ कडेने वळलेली होती, त्यामुळे ती रेघेसारखी दिसत होती. आईने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "सुईत मणी ओवावा तसा आहे गं." आपण पाहतो तो उजेड शनीहून ऐंशीएक मिनिटांपूर्वी निघालेला असतो, असे कार्यकर्त्या तरुणाने सांगितले. त्यावर तिने मान हलवली, जणू कुणी दूरच्या पाहुण्याचा निरोप आणला होता.

मध्यरात्रीच्या सुमारास ईशान्येला सप्तर्षी वर आले. तरुण त्यांची नावे सांगू लागला, तोच आई हळूच म्हणाली, "आम्ही त्याला बाजलं म्हणायचो, बाळा. हे चार पाय म्हातारीच्या बाजेचे. मागचे तिघे चोर, बाज पळवायला आलेले."

तरुण थांबला. "आजी, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगाल का?"

आणि आई बोलू लागली. पंप येण्यापूर्वी बाबा बाजले कलते केव्हा ते पाहून रहाट जुंपत, वाडी शिंपून होईस्तोवर उजाडत असे. अंधारात रहाटाचा आवाज ऐकूनच ती त्यांच्यासाठी चहा ठेवी. हे मी स्वतः तिच्या पोटची लेक असून कधी ऐकले नव्हते. शेतातली अनोळखी माणसे निमूट ऐकत होती. माझा मुलगा तिच्या पायाशी बसून ते वहीत उतरवीत होता. बाबांविषयी ती इतके, आणि डोळे न पुसता, प्रथमच बोलली.

मला वाटते, आकाशदर्शनाचे खरे मोल इथे आहे. दुर्बीण शनी जवळ आणते. अंधारात शेजारी बसलेली माणसे एकमेकांजवळ येतात, ते निराळेच. पुस्तकातील सप्तर्षी कुठे जाणार नाहीत. आईचे बाजले मात्र तिच्यासवे जाणार होते. ते आता एका वहीत तरी उरले आहे.

यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. एखादी साधी द्विनेत्री दुर्बीण कृत्तिकांचा पुंजका मोहरून दाखवते. मृगातील त्रिकांडाखालचा धूसर ठिपका तेराशेएक प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ असल्याचे कळले, तर नुसत्या डोळ्यांनीही तो निराळा भासतो. आपल्या धर्मग्रामांतून मैदाने आहेत, युवक आहेत, आणि ओट्यावर बसलेले वृद्धही आहेत. हिवाळ्यातील एका अमावास्येला मैदानाचे दिवे तासभर मालवावेत, जाणकारांना पाचारण करावे आणि चटईवर पहिली जागा आजीआजोबांना द्यावी. त्यांना विचारावे, तुम्ही याला काय म्हणत होता? उत्तरे देणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत, तोवर.